रव्याची नदी

नूपुरची नदी दुसऱ्या दिवशी सकाळी वाहायची होती आणि घरात वाळूचा कण नव्हता. वाळू मिळत नव्हती असं नाही. सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या इमारतीसमोर बांधकामाचा मोठा ढीग पडला होता. पण त्या ढिगावर गल्लीतली कुत्री बसायची, आणि बसण्याखेरीज काय काय करायची तेही नूपुरच्या आईनं, सुरुचीनं, बाल्कनीतून पाहिलं होतं.

"धुऊन घे की," तिचा नवरा सुश्रुत म्हणाला. बँकेनं नाशिकहून कलकत्त्याला बदली केल्यापासून तो प्रत्येक अडचणीवर एक सोपा उपाय सांगून मोबाइलमध्ये तोंड घालत असे.

"जंत काय धुऊन जातात? आणि ओली चालत नाही. मिसनी लिहिलंय, बारीक, कोरडी, दाणेदार."

हे म्हणता म्हणताच तिची नजर रव्याच्या डब्यावर गेली.

भूगोलाचा प्रयोगवर्ग शनिवारी घरूनच, ऑनलाइन असायचा. ट्रेमध्ये नदी वाहवायची, टॅब्लेटच्या कॅमेऱ्यातून दाखवायची, आणि ती कुठे काय करते ते मुलांनी बोलून सांगायचं. खरी धास्ती या बोलण्याचीच होती. नव्या शाळेत येऊन नूपुरला दोन महिने झाले, तरी तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ती डबाही एकटीच खायची. पालकसभेत शर्मिष्ठा मिस हसून म्हणाल्या होत्या, "खूप शांत मुलगी आहे." ते ऐकल्यापासून सुरुचीला घास गोड लागत नव्हता. निदान नदी तरी अशी झाली पाहिजे, की लेकीला दोनच शब्द बोलावे लागतील.

सकाळी टॅब्लेट खुर्चीच्या पाठीला पडदा खाली करून बांधला. खाली ट्रेमध्ये दोन किलो रवा. नूपुरनं पेल्याला हात लावताच सुरुची म्हणाली, "थांब, तू सांडशील," आणि तिनंच पाणी ओतलं.

पाणी गडप झालं.

"आई, नदी कुठाय?"

"येईल. तू म्हण, उगम."

दुसरा पेला ओतला. रवा फुगला आणि बोटानं पाडलेला चर मिटून गेला. तिसऱ्या पेल्याला वरच्या बाजूला तळं साचलं. सुरुची मनगटापर्यंत रव्यात शिरून नदीला वाट करून देत होती. "म्हण ना गं, उगम!"

"नूपुर," टॅब्लेटमधून मिसचा आवाज आला, "ये किसके हाथ हैं?"

माईक चालू होता. सुरुचीनं चपापून पडद्याकडे पाहिलं, आणि इतर मुलांच्या चौकटी तिला तेव्हा कुठे दिसल्या. एका नदीवर शंखाच्या पांढऱ्या बांगड्या खणखणत होत्या, दुसरीवर लाल नखं, तिसरीवर घड्याळ घातलेला केसाळ हात. लहान मुलाचं बोट एकाही नदीत नव्हतं.

मिसनाही ते तेव्हाच दिसलं असावं. "सब मम्मी-पापा," त्या सावकाश म्हणाल्या, "हाथ बाहर."

खेकडे बिळात शिरावेत तसे सगळे हात दिसेनासे झाले. आणि नेमकं तेव्हाच तळं फुटलं. रव्याचा अख्खा लगदा घसरत ट्रेच्या काठावर आला, क्षणभर लोंबला आणि पचकन फरशीवर पडला. सुरुचीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"नूपुर, क्या हुआ?"

सुरुचीनं डोळे मिटले.

"मिस," नूपुर म्हणाली, "रास्ता बंद हो गया था. पानी पीछे रुका, फिर सबको लेके आ गया." तिनं चिमूटभर लगदा कॅमेऱ्यासमोर धरला. "और ये रेत नहीं है, सूजी है. मम्मी को रेत से डर लगता है."

सगळ्या चौकटी हसल्या. नूपुरही हसली. पियाली नावाच्या मुलीनं विचारलं, "इतनी सूजी का तुम लोग क्या करते हो?" मग नूपुरनं उपमा सांगितला, शिरा सांगितला, नाशिकची आजी शिऱ्यात केळं घालते ते सांगितलं. शेवटी मिसना तिचा माईक बंद करावा लागला.

दुपारी सुरुचीनं सुश्रुतला फोन लावला. "येताना रवा आण. नूपुरला सोमवारी डब्यात पियाली धरून चौघींना पुरेल एवढा उपमा हवाय."

"परवाच आणला ना? कुठे गेला?"

सुरुचीनं बाहेरच्या खोलीत डोकावलं. नूपुर पालथी पडून घट्ट होत चाललेल्या लगद्यात बोटानं वळणं पाडत होती आणि टॅब्लेटमधल्या पियालीला काहीतरी समजावत होती. खोलीभर रवा झाला होता.

"आहे, इथेच आहे," ती हळूच म्हणाली, "पण मला हात लावायची परवानगी नाही."