सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि मिसेस प्रिंगल

"रविवारी गाडी एका किल्लीत चालू झाली नाही, तर मिशी भादरून देईन!" सिरिलने गॅरेजवाल्या रेजला ठणकावून सांगितलं.

सिरिलची दोन सीटांची हिरवी स्पोर्ट्स कार बावीस वर्षांची होती. तिला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागत, सीटांच्या मागे डावीकडे एक, उजवीकडे एक. रेज म्हणाला, "अरे बाबा, दोन्ही काढून बारा व्होल्टची एकच बसव. नाहीतर निदान दोन्ही एकदम बदल. एक नवी, एक म्हातारी ठेवलीस, तर म्हातारी नवीलाही घेऊन बुडेल!"

पण सिरिल पडला कट्टर. कारखान्यातून गाडी आली तेव्हा होती तश्शीच, डांबराच्या झाकणाची काळी बॅटरी हवी! सहा महिने सगळं यॉर्कशायर पालथं घातल्यावर तशी एकच मिळाली. मग दुसऱ्या बाजूला जुनीच ठेवली. हिवाळाभर दोघी टॉवेलांच्या उबदार कपाटात होत्या. दर शुक्रवारी तो त्यांना चार्ज करून डिस्टिल्ड वॉटर पाजायचा. टॉवेलांना ॲसिडची भोकं पडली, पण एवढी सेवा आजाऱ्याचीही कोणी केली नसेल!

आणि येता रविवार तर मिसेस प्रिंगलचा होता. चर्चच्या गायनवृंदात आठ वर्षं त्या त्याच्या शेजारी उभ्या राहत होत्या आणि आठ वर्षं तो त्यांच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होता. आता मंगळवारी त्या कायमच्या कॅनडाला, मुलाकडे निघाल्या होत्या. "जाण्याआधी एकदा तुमच्या गाडीतून समुद्र बघायचाय," असं त्या सहज म्हणाल्या, आणि सिरिलचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

रविवारी किल्ली फिरवली. गाडी खाकरली आणि गप्प झाली! शेवटी उतारावरून ढकलत, उडी मारून आत बसत त्याने ती कशीबशी चालू केली. आता इंजिन एकदा बंद पडलं की संपलंच!

"आत या ना, चहा टाकलाय," मिसेस प्रिंगल दारातून म्हणाल्या.

"नको! बसा, बसा पटकन!"

इंग्लंडात चहा नाकारणं म्हणजे भांडण काढणंच. त्या जरा फुगूनच बसल्या. व्हिटबीचा समुद्र आला. "थांबू या ना इथे?" सिरिलने ऐकलं न ऐकलंसं केलं. किनाऱ्यावरून तीन फेऱ्या झाल्या.

"तुम्हाला माझ्याबरोबर बसायचंच नाहीये का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात बंदरावरचा पूल बोटीसाठी बाजूला सरकला आणि रहदारी थांबली. आता नाही तर कधीच नाही! "मिसेस प्रिंगल, मला तुम्हाला..." म्हणताना त्याचा पाय क्लचवरून सुटला. इंजिन मेलं.

पूल पुन्हा जुळला. मागे वीस गाड्या, पण हॉर्न कोणी वाजवेल तर शपथ! पाच गृहस्थ उतरले, "छान ऊन पडलंय, नाही?" म्हणत गाडीला हात लावला. मिसेस प्रिंगलही उतरून ढकलू लागल्या. इंजिन धडधडलं आणि सिरिल एकटाच पुलापार निघून गेला! थांबायची सोय नव्हती. तो वळून परत आला आणि त्यांच्या समोरून जाताना पहिल्यांदाच त्यांच्या नावाने ओरडला, "एडना, जाऊ नका!"

"काय?"

पुन्हा फेरी. "आठ वर्षं... तुमच्यावाचून..."

"ऐकू येत नाहीये!"

पाचही गृहस्थांना मात्र ऐकू आलं होतं. ते सभ्यपणे समुद्राकडे बघत उभे होते, पण हलत कोणी नव्हतं. तिसऱ्या फेरीला सिरिलने गाडी मिसेस प्रिंगलपाशी कठड्याला लावली आणि स्वतःच्या हाताने किल्ली फिरवून बंद केली. आता ती काही आज चालू होणार नव्हती.

"जाऊ नका, म्हणालो," तो हळूच म्हणाला.

एडना म्हणाल्या, "मुलाला शब्द दिलाय, सिरिल. आठ वर्षं काय करत होतात हो?"

"बॅटऱ्या चार्ज करत होतो."

त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग कठड्याजवळच्या बाकावर बसून त्याला जागा करून दिली. "शेवटची बस सहाला आहे. तोवर बोला."

सिरिल बोलला. आठ वर्षांचं साठलेलं सगळं, काहीही न राखता बोलला. संपवून घड्याळ पाहिलं तर तीन वाजून चार मिनिटं झाली होती, आणि त्याने सुरुवात तीनला केली होती! मग सहापर्यंत दोघं नुसतीच समुद्राकडे बघत बसली.