मुकी फरशी

कारंज्याच्या टाइल्सच्या दुकानात, भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत चारी पायांवर चालणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. नुसता पाहिलाच नाही, मानोऱ्याहून माझ्या ऑटोत घालून मीच त्याला तिथवर नेला होता.

ते आमचे वामनकाका. त्यांच्या भिंतीला माझी भिंत. जनावरांच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय तालुक्यातल्या एकाही बैलाची लंगडायची हिंमत नव्हती. कुत्र्याचं नख वाढलेलं दिसलं की मालकाला भर रस्त्यात धरून झापायचे आणि तिथंच बसून स्वतः कापायचे. बोलण्यात पालुपद एकच : "जनावराले इचारा. माणूस खोटं बोलते."

काकू गेल्याला दीड वर्ष झालं. घरात आता काका आणि दोन कुत्री. राणी काकूंची, त्यांनीच पदराखाली झाकून आणलेली. हल्ली इतकी म्हातारी, की भुंकायच्या आधी दम खाते. दुसरा भुऱ्या, जवान आणि बिनडोक. शहाबादी फरशीखाली घुशी शिरल्या आणि भुऱ्या त्यांच्या मागं लागला. आठ दिवसांत त्यानं घर असं खणलं, की आणखी दोन दिवस गेले असते तर पाणी लागलं असतं. फरशा फुटल्या, खाली नुसती माती उरली. काका त्या मातीकडं पाहत बसायचे. जेवणाचा डबा आमच्याकडून जायचा, तसाच परत यायचा. एवढं दुःख फरशीचं? मला हसूच आलं होतं. चुकलंच माझं.

तर दुकान. मालक सलीमभाई. राणी आमच्यासोबतच. पहिली टाइल आरशासारखी चकचकीत. काका तिच्यावर रांगले, मग राणीला उभं केलं. राणीचा एक पाय दिग्रसला गेला, एक मंगरूळपीरला, एक वाशीमला, आणि चौथा तेवढा कारंज्यात राहिला.

"नापास," काका म्हणाले.

दुसरी अंगणात लावतात तसली खडबडीत. पाय टिकले. काकांनी पिशवीतून वरणाची बाटली काढून सांडली. वरण खाचांत जाऊन बसलं. "भुऱ्या इथं मुतला तं वास माह्या तेरवीपर्यंत जाणार नाई. नापास."

"काका, उठा नं आता," सलीमभाई काकुळतीला आला. "गिऱ्हाइकं पाहून राह्यले. दुकान हाये माहं, दवाखाना नाई."

तिसरी म्हणजे रबरासारखी मऊ चादर. घसरत नाही, ओरखडा नाही, वरण एका फडक्यात साफ. मी मनात ऑटो सुरूसुद्धा केली. तेवढ्यात काका पालथे झाले, कान जमिनीला लावला आणि मला म्हणाले, "राणीले चालव." चालवली.

"नापास. मुकी हाये."

"मुकी?" सलीमभाईनं कपाळ बडवलं. "काका, फरशी बोलाले लागली तं मी विकीन कायले? तिकीट लावून दाखवीन!"

शेवटी मागच्या गोदामात घासून खरबरीत केलेला कोटा दगड निघाला. राणी घसरली नाही. वरण पुसलं गेलं. ती चालत असताना काकांनी कान लावला, आणि किती तरी वेळ उचललाच नाही. सलीमभाई घाबरून पाण्याचा गिलास घेऊन धावला. काका उठले तेव्हा डोळे लाल होते.

"धूळ लय हाये रे तुह्या दुकानात," एवढंच म्हणाले.

ती फरशी घरात बसल्यावर एका दुपारी गेलो. काका खुर्चीत डोळे मिटून बसले होते. राणी सैपाकघराच्या दारात पडलेली. नजर तिच्या वाढलेल्या नखांवर गेली आणि मला चेव आला.

"काका, साऱ्या तालुक्यातल्या कुत्र्याईची नखं कापता, अन् राणीचीच काहून नाई?"

"तिले दुखणार नाई येवढीच कापतो. पुरी नाई कापत." त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "आयक."

राणी उठली होती. टिक, टिक. थांबली. टिक, टिक.

"तुह्या काकूचे जोडवे असेच वाजत," काका म्हणाले. "चहा घेऊन निंघाली का मले इथं समजे. आता डबीत हायेत ते. रोज काढून पाह्यतो. पण डबीत वाजत नाई नं बाप्पा."

आवाज मधेच थांबला. राणीचे मागचे पाय थरथरत होते. ते मला दिसत होतं, काकांना नाही. मी उठायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ये नं वं," ते हळूच म्हणाले. "सावकाश ये. घाई नाई."

टिक.

ती खुर्चीपाशी येऊन टेकेपर्यंत काकांनी डोळे उघडले नाहीत.