पासष्टावं कलम

आमच्या शेजारचे भाऊकाका जेवणापुरतं सोडलं तर कधी बसत नसत. तिकडे रशिया आणि तुर्कस्तान यांची जुंपलेली असताना माणसानं बसावं कसं, असा त्यांचा सवाल. झाशीत राहून तुम्हाला काय त्याचं, असं वाण्यानं विचारलं तर म्हणत, "भैया, यूरोप के छहों दरबार हिल रहे हैं."

मी कचेरीत कारकून. साहेबाची शिळी इंग्रजी वर्तमानपत्रं मी घरी आणायचो आणि काका येरझारा घालत ती माझ्याकडून मराठीत ऐकायचे. लढाई कोण जिंकलं याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. तहाची बातमी आली की एकच प्रश्न: "माफीचं कलम आहे का?"

हे खूळ त्यांनी आळीतही आणलं. विहिरीवरून माझी आई आणि गोदामावशी भांडल्या, तेव्हा काकांनी दोघींना ओट्यावर बसवून बारा कलमांचा तह लिहिला. मावशी रशिया, आई तुर्कस्तान. "मीच का तुर्कस्तान?" म्हणून आई आणखी भडकली. शेवटचं कलम होतं: रुसून माहेरी गेलेल्या सुनेनं परत यावं, कोणी काही विचारणार नाही. वास्तविक दोन्ही घरांत कोणतीच सून रुसली नव्हती.

त्या कलमाचं मूळ मला आईनं सांगितलं. काकांचा धाकटा भाऊ विसू सत्तावन्नच्या गदरात झाशीच्या फौजेबरोबर गेला, तो वीस वर्षांत परतला नाही. नेपाळच्या तराईत कोणी पाहिला म्हणतात. मलकेनं, म्हणजे विलायतेच्या राणीनं, माफीचा जाहीरनामा काढला होता, पण काकांना तो पुरेना. "एका दरबाराचा शब्द म्हणजे शब्द नव्हे. बाकीच्यांची साक्ष हवी. तरच विसू विश्वास ठेवील."

बर्लिनला सगळे दरबार जमले, तेव्हा काका लक्ष्मी तालाच्या तळ्यापर्यंत दिवसातून चार फेऱ्या मारू लागले. अखेर तहाचा छापील मजकूर आला. मी ओट्यावर बसून वाचत गेलो, काका अंगणात फिरत राहिले. चौसष्ट कलमं संपली. आमच्या कामाचं त्यात एकही नव्हतं. मला ते सांगवेना. कागदावरची नजर न काढता मी म्हणालो, "कलम पासष्ट. हिंदुस्थानच्या गदरात जे घर सोडून गेले, त्यांनी परत यावं. सगळे दरबार साक्षी आहेत."

काका थांबले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

मग ते म्हणाले, "सदू, चौसष्टच आहेत. पोस्टमास्तरांनी सकाळीच सांगितलं."

मी खाली मान घालून कागदाची घडी करू लागलो. त्यांनी माझा हात धरला.

"असू दे रे. ते पासष्टावं पुन्हा एकदा वाच."