दुसऱ्या मजल्यावरचा समुद्र

बदलापूरला शिरगावात, दुसऱ्या मजल्यावर, मधूने समुद्र पाळायचं ठरवलं. म्हणजे हॉलमध्ये काचेची टाकी, तीत खारं पाणी, चार मासे आणि दगडावर एक जांभळं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. पण टाकीला टाकी म्हटलेलं त्याला खपत नसे. "समुद्र म्हणायचं," तो पाहुण्यांना बजावायचा.

समुद्राची तब्येत फार नाजूक (मधूपेक्षाही). म्हणून हॉलमध्ये उदबत्ती बंद, फोडणी दार लावून, आणि एसी समुद्राला, माणसं पंख्याखाली. पाणी जरा बिघडलं की कोरल मिटून बसायचं आणि मधू जेवण सोडायचा. बऱ्याच उपासांनंतर यंदाच्या श्रावणात ते कुठे पुरतं फुललं होतं.

नारळी पौर्णिमेला मधू उल्हासनगरहून माशांचं खाणं घेऊन परतला, तर दाराशी चपलांचा ढीग. आत वांगणीहून आलेली आई बनूबाई आणि बिल्डिंगमधल्या बायका. प्रत्येकीच्या हातात हळदकुंकू लावलेला नारळ. शेजारच्या राजाबाईंनी तर टाकीचं झाकणही काढलेलं.

"आई, हे काय चाललंय?"

"दर्याला नारल. घरात समुद्र हाय, तूच बोललास ना? मग खाडीवर कशाला जायाचं?"

"अगं, हळदीने कोरल मरेल. पाण्याचा बॅलन्स जाईल."

"सगली दुनिया नारल टाकते. मोठ्या दर्याचा बॅलन्स कवा गेला?"

राजाबाईंचा हात पाण्याकडे निघाला. हा समुद्र नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण इतके दिवस पंख्याखाली बसवलेल्या बायकोसमोर ते तोंडातून निघेना. त्याने टाकीपुढे बसकण मारली.

"समुद्राच्या वतीने मी घेतो."

मालिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, लगेच पाट आणला (इतक्या तत्परतेने त्याला कधी चहा मिळाला नव्हता). मग हळद, कुंकू, अक्षता, आरती. मांडीवर नारळ मावेनात. "शांत हो रे दर्याराजा," म्हणत राजाबाईंनी त्याचा मळवट नाकापर्यंत भरला.

बायका गेल्यावर मधूने एक नारळ सोलायला घेतला. "चला, नारळीभात तरी होईल."

आईने हात धरला. "वाहिलेलं परत घरात ठेवायाचं नसतं. बाहेर ने."

"आणि आई, ज्याला वाहिलं त्याचं काय करायचं हो?" मालिनीने विचारलं.

आईने मुलाकडे एकदा पाहिलं. मग तिने दार उघडलं.

मधू जिन्यात बसला, मळवटासकट, मांडीवर नारळ घेऊन. आतल्या जिवाची त्याला काळजी लागली होती. "कोरल कसं आहे गं?" त्याने दाराच्या फटीतून विचारलं.

"छान आहे," मालिनी म्हणाली. "तुम्ही बाहेर गेल्यापासून आणखीच फुललंय."