डाव्या मागच्या चाकाचं सुतक

मुरलीधर भंगाळे गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांच्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकातल्या लॉकबोल्टने सुटायला नकार दिला. कारण विचारल्यावर, मालकांनी तसं सांगितलेलं नाही, एवढंच उत्तर त्याने दिलं.

ही भुसावळची गोष्ट. मुरलीधरराव गुरांचे डॉक्टर होते. खेडोपाडी फिरावं लागे, म्हणून गाडीवर त्यांचा जीव होता, आणि चाकं कुणी चोरू नयेत म्हणून प्रत्येक चाकात तीन साध्या बोल्टांबरोबर एक लॉकचा बोल्ट बसवलेला होता. त्याच्या डोक्यावर नक्षी असते आणि ती नक्षी जुळणारी वेगळी चावी लागते. ते बोल्ट डॉक्टर स्वतः आवळत. दुकानदाराच्या हातावर त्यांचा भरवसा नसे.

त्या सकाळी चाक पंक्चर झालेलं निघालं, आणि नेमकं तेव्हाच शैलजाबाईंना, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीला, सासूबाईंना आणायला रावेरकडे गावी जायचं होतं. सासूबाईंना सगळं घर माय म्हणे. मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, आणि दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली होती. दुसऱ्या कुठल्याही गाडीत मायला मळमळायचं. या एका गाडीत ती पुढच्या सीटवर काच खाली करून सुखाने बसायची.

मायला एक गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. तिचा मुलगा गेला, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हातारं माणूस, धक्का सोसणार नाही, असं नातेवाइकांचं ठरलं, आणि गावानेही तोंड मिटून घेतलं. मुरली सरकारी कामाने लांब गेलाय, तिथे फोन लागत नाही, असं तिला सांगितलं गेलं. शैलजाबाई मधल्या काळात दोनदा गावी जाऊन आल्या. दोन्ही वेळा कालव्याच्या पुलाशी गाडी थांबवून त्यांनी कपाळाला टिकली लावली, आणि परतताना तिथेच काढली.

चाक बदलायला दिगंबर सोनवणे आला. कोपऱ्यावरचं टायरचं दुकान त्याचं. त्याने गाडीला जॅक लावायच्या आधी रीतीप्रमाणे बोल्ट सैल करायला घेतले. तीन साधे बोल्ट सैल झाले. लॉकबोल्टवर चावी बसवून त्याने पान्यावर जोर दिला, तेव्हा बोल्ट म्हणाला, "थांबा."

लॉकबोल्ट एरवी बोलत नाहीत, कारण त्यांना कुणी काही विचारत नाही. दिगंबरने पाना खाली ठेवला.

"मला डॉक्टरसाहेबांनी आवळलंय," बोल्ट म्हणाला. "घट्ट राहा, मी येईपर्यंत सुटू नकोस, असं सांगून गेलेत. ते येऊ देत."

दिगंबरने उठून हात पुसले आणि डॉक्टरांच्या मुलाला, चैतन्यला, बाजूला घेतलं. गंजाने अडकलेला बोल्ट तो काढू शकत होता, कुणी अंगाबाहेर जोर लावून आवळलेलाही काढू शकत होता. शब्दाने अडकलेल्या बोल्टला मात्र घरच्यांनीच समजवावं लागतं, असं त्याचं म्हणणं पडलं.

चैतन्य चाकापाशी वाकला. दोन महिन्यांच्या सवयीने वाक्य आपोआप तोंडात आलं. डॉक्टर सरकारी कामाने लांब गेलेत, यायला वेळ लागेल, असं त्याने बोल्टला सांगितलं.

"मग मी थांबतो," बोल्ट म्हणाला. "मला घाई नाही."

चैतन्यने, आपण मुलगा आहोत, आपली परवानगी समजावी, असं सुचवून पाहिलं. त्यावर बोल्टने शांतपणे विचारलं, की डॉक्टर हयात असताना मुलाचा शब्द कसा धरायचा? दिगंबरला हे पटलं. चैतन्यलाही पटलं असावं, कारण तो उठून बाजूला झाला.

शैलजाबाई हातात पिशवी घेऊन पायरीवर उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या. बोल्टला कुठलं वाक्य सांगायला हवं, ते त्यांना कळत होतं. दोन महिन्यांत ते वाक्य त्यांना कधी उच्चारावंच लागलं नव्हतं. नातेवाइकांना फोन दिरांनी केले, पेपरात चैतन्यने दिलं, आणि भेटायला येणारी माणसं दारातूनच, डॉक्टर गेले हो, असं म्हणत आत यायची. त्यांनी फक्त मान हलवायची.

उन्हं चढली तशी दिगंबरची चुळबुळ सुरू झाली. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. बोल्टाच्या डोक्याहून किंचित लहान सॉकेट, म्हणजे पान्याची लोखंडी वाटी, घेऊन तो हातोडीने त्यावर ठोकून बसवायचा, म्हणजे पकड मिळते, ही त्याच्या धंद्यातली नेहमीची युक्ती. चैतन्यने मान डोलावली आणि दिगंबरने घाव घातले. सॉकेट बसलं, पाना फिरला, पण सॉकेटच घसरलं. बोल्टाच्या डोक्यावरची नक्षी सोलून निघाली, कडा गोल झाल्या. आता त्याची स्वतःची चावीही त्याला बसणार नव्हती.

बोल्ट ओरडला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "डॉक्टरसाहेबांना हे माहीत आहे का?"

दिगंबरने हातोडी पिशवीत घातली. आता ड्रिल मारून बोल्ट आतून पोखरून काढायचा एवढंच उरलं आहे, तसं करता येईल, पण मग बोल्ट राहणार नाही, आणि घरातल्या मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय आपण ते करणार नाही, असं तो पायरीकडे बघत म्हणाला.

शैलजाबाई खाली आल्या. पिशवी बाजूला ठेवून त्या चाकाशेजारी फरशीवर बसल्या.

"डॉक्टर गेले," त्या म्हणाल्या.

"कुठे?" बोल्टने विचारलं.

त्यांनी चैतन्यकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. या प्रश्नाचं उत्तर त्यांना आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"कुठे नाही," त्या म्हणाल्या. "वारले. ते जिवंत नाहीत. ते येणार नाहीत."

कधी, असं बोल्टने विचारलं. मार्गशीर्षात, त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी सकाळी आपल्याला आवळताना डॉक्टरांचा हात मध्येच थांबला होता, असं बोल्ट म्हणाला. चाकावर हात टेकून ते थोडे उभे राहिले, मग उरलेला फेरा त्यांनी पुरा केला. दमले असतील असं आपल्याला वाटलं.

"अजून काही म्हणाले?" शैलजाबाईंनी विचारलं.

"नाही. घट्ट राहा म्हणाले."

त्या तिथेच बसून रडल्या. दिगंबर आणि चैतन्य फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांचं आवरल्यावर बोल्ट म्हणाला, "मला आज कळलं. म्हणजे मला आजपासून."

शैलजाबाईंना हे लगेच समजलं. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी जोशीगुरुजींना फोन लावला. मृताशी बोल्टाचं नातं काय, असं गुरुजींनी विचारलं. हाताखालचा, असं शैलजाबाईंनी सांगितलं. गुरुजींनी जरा विचार केला. दहा दिवस उलटून गेल्यावर बातमी कळली तर कळल्यापासून तीन रात्री सुतक धरावं, शेवटी स्नान घालावं, असा निर्णय त्यांनी दिला. लोखंडाला पाण्याने गंज चढेल अशी अडचण निघाली, तेव्हा तेल चालेल, असं ते म्हणाले.

गाडी फाटकाशी तशीच उभी राहिली. शेजारपाजाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. गल्लीतले लोक तिथून जाताना स्कूटर बंद करून ढकलत नेऊ लागले. समोरच्या कोल्हेकाकूंनी वरणभाताचा डबा पाठवला आणि चाकासाठी वेगळं काही लागतं का, असं विचारायला सांगितलं.

दवाखान्याची तारीख पुढे ढकलायला शैलजाबाईंनी फोन केला. तिथल्या बाईंनी कारण विचारलं.

"सुतक आहे. गाडीच्या बोल्टला. त्याला उशिरा कळलं."

"वारले ते पेशंटचे कोण लागायचे?"

"पेशंटचा मुलगा वारलाय."

"मग पेशंटलाही सुतक असणार."

"त्यांना अजून सांगितलेलं नाही," शैलजाबाई म्हणाल्या.

बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की आज एक तारीख दिली, आणि पेशंटला नंतर कळलं, तर ती पुन्हा बदलावी लागेल. त्यापेक्षा आधी पेशंटला कळू द्या आणि मग एकदाच फोन करा.

संध्याकाळी शैलजाबाईंनी चैतन्यला आपला विचार सांगितला. त्याचं म्हणणं तेच होतं, आधी डोळ्यांचं होऊ दे, मग बघू.

"दिसू लागल्यावर तिला पहिलं काय दाखवायचं, ते तू सांग," त्या म्हणाल्या. "माझं कपाळ दाखवू की टिकली?"

चैतन्य ताटावरून उठला नाही, पण त्याने पुढे काही खाल्लंही नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी सकाळी दिगंबर तेलाची बुधली घेऊन आला. फाटकापाशी त्याने चपला काढल्या. घाई झाली, हात उचलायला नको होता, असं तो चाकासमोर बसून हळू आवाजात म्हणाला. बोल्टने, असू दे, असं उत्तर दिलं. मग दिगंबरने बोल्टाच्या मुळाशी तेल सोडलं आणि ते आत मुरेपर्यंत सगळे बाजूला बसून राहिले. पान्याची गरजच पडली नाही. दिगंबरने दोन बोटांनी धरून फिरवला आणि बोल्ट सुटून त्याच्या तळहातावर आला.

चाक बदललं. हा बोल्ट आता परत बसवण्याजोगा नाही, त्याच्या जागी साधा घालावा लागेल, असं दिगंबरने सांगितलं. दुकानात असले बोल्ट भंगाराच्या डब्यात जातात, पण त्याने तो शब्द तिथे काढला नाही. शैलजाबाईंनी हात पुढे केला, बोल्ट घेतला, आणि पदराच्या टोकाला बांधला.

गाडी त्यांनीच चालवली. चैतन्य शेजारी बसला. दोन्हीकडे केळीच्या बागा, पाण्याचे पाट, मालाचे ट्रक. कालव्याचा पूल आला तेव्हा चैतन्यने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी गाडी थांबवली नाही.

माय अंगणात चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. दिसत नसलं तरी बोटं सराईत होती, दाणे टोपल्यात आणि टरफलं बाजूला पडत होती. गाडीच्या आवाजाने तिने मान वर केली. "मुरली आला?" तिने विचारलं.

शैलजाबाई तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"माय, तुझा मुरली वारला. मार्गशीर्षात. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही."

मायचे हात त्यांच्या हातात तसेच राहिले. शेंगेचं एक टरफल तिच्या अंगठ्याला चिकटलेलं होतं. शेजारच्या घरातून मायच्या पुतण्याची बायको बाहेर आली, आणि काय झालं ते ओळखून उंबऱ्यातच थबकली.

"संक्रांतीचा तिळगूळ खाल्ला मी," माय म्हणाली.

"हो."

"तू दिलास."

"हो माय. मी दिला."

मायने हात सोडवून घेतले. ती रडली तेव्हा आवाज न करता रडली, आणि कुणी जवळ गेलं तर हाताने दूर सारत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि टोपलं बाजूला सरकवलं. आपल्याला आज कळलं, म्हणजे आजपासून धरायचं, चुलीपाशी आपल्याला कुणी बोलवू नये, असं तिने सांगितलं. आणखी कुणाकुणापासून लपवलंत, असंही विचारलं.

चैतन्य म्हणाला, "गाडीच्या बोल्टला पण सांगितलं नव्हतं, आजी. त्याला तीन दिवसांपूर्वी कळलं."

"कुठे आहे तो?"

शैलजाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि बोल्ट तिच्या हातात ठेवला. मायने तो बोटांनी चाचपला. सोलवटलेल्या डोक्यावर तिचा अंगठा थांबला. हे कुणी केलं, असं तिने विचारलं. दिगंबरने, पण त्यानं माफी मागितली, असं बोल्टने स्वतःच सांगितलं.

"पाळलंस का?" मायने विचारलं.

"पाळलं."

"मग तुझं फिटलंय. मला आता लागलं. माझ्याजवळ राहिलास तर तुला पुन्हा शिवेल."

"चालेल," बोल्ट म्हणाला. "पुन्हा पाळीन."

मायने मान हलवली आणि त्याला चटईवर आपल्या गुडघ्याशी ठेवलं. चैतन्य फाटकापाशी जाऊन दवाखान्यात फोन लावत होता. पेशंटला कळलं, असं त्याने सांगितलं, आणि पलीकडून पुढची तारीख मिळाली.

शैलजाबाई आत गेल्या. माणसं जमायच्या आत चहाचं आधण ठेवायला हवं होतं. खिडकीतून त्यांना मायचा आवाज येत होता, ती काहीतरी विचारत होती, आणि एक बारीक आवाज सावकाश उत्तर देत होता, मधेच थांबत, आठवून पुन्हा सांगत. हाताची पकड कशी होती, असं काहीतरी त्यांनी ऐकलं. मग त्या खिडकीपासून मागे सरल्या, आणि बाहेरचं बोलणं तुटू नये म्हणून भांडी एकेक करून हळू खाली ठेवू लागल्या.