गोरोमोचा तिरका डोळा

कुरामोचींनी इनागाकींचा राक्षस सुधारला, आणि घोटाळा तिथेच झाला.

राक्षस वीतभर उंचीचा, रबरी. नाव गोरोमो. पन्नासेक वर्षांपूर्वी तो कुरामोचींनीच घडवला होता आणि तोक्योतली पोरं तेव्हा त्याला उशाशी घेऊन झोपत. त्यातलंच एक पोर म्हणजे हे इनागाकी. आता टक्कल पडलेले, विमा कंपनीत कारकून. रविवारी जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी त्यांना निर्मात्याच्या सहीचं प्रमाणपत्र हवं होतं. कुरामोचींच्या बायकोनं, फुमिएकाकूंनी, त्यांना चहाला आत बोलावलं आणि गोरोमो कारखान्यात म्हाताऱ्या कुरामोचींपाशी राहिला.

त्याचा डावा डोळा तिरका होता. ते बघून कुरामोचींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या नावावर असला माल गेला! त्यांनी थिनरचा बोळा फिरवला आणि झकास सरळ डोळा काढला.

इनागाकी चहा पिऊन आले आणि गोरोमोला निरखू लागले.

"हा कोण?" ते म्हणाले.

"तुमचाच की. फुकटात दुरुस्त केलाय."

"अहो, तिरक्या डोळ्याचे गोरोमो मोजकेच आहेत! संग्राहक म्हणतात, कलावंतानं मुद्दाम त्याला लाजरा केला." इनागाकींनी गोरोमो हातात घेतला. "प्रदर्शन गेलं खड्ड्यात. मला गोवर झाला तेव्हा बाबांनी आणलेला हा. मी आठवडाभर अंथरुणात, आणि हा माझ्याकडे असा चोरून बघायचा. आता बघतच नाही."

कुरामोचींची मान खाली गेली. "कसला कलावंत! त्या हिवाळ्यात माझा हात मोडला होता. डोळे हिनं रंगवले, घरी बसून."

फुमिएकाकूंनी एप्रनला हात पुसले. "द्या इकडे. मीच बिघडवला होता, मीच बिघडवते."

त्यांनी डोळा पुसून पुन्हा काढला. सरळ आला. पुन्हा काढला. आणखी सरळ.

"तेव्हा तान्ही सायो पाठीवर बांधलेली असायची," काकू विचारात पडल्या. "अहो, तांदळाची पिशवी आणा बरं."

पाच किलो तांदूळ पाठीवर बांधला. काकू वाकल्या, पण डोळा सरळच.

"हां! डाव्या डोळ्याची वेळ आली की कार्टी माझा कान ओढायची. ओढा."

"मी?" कुरामोची दचकले. लग्नाला छप्पन्न वर्षं झाली होती, पण परक्यासमोर बायकोचा कान त्यांनी कधी धरला नव्हता. त्यांनी दोन बोटांत जेमतेम पकडला.

"जोरात! लेक तुमची असली तरी तुमच्यासारखी मिळमिळीत नव्हती ती."

त्यांनी डोळे मिटून हिसका दिला. काकू "आई गं!" ओरडल्या. ब्रश घसरला.

गोरोमो इनागाकींकडे चोरून बघत होता.

इनागाकी कमरेत वाकले. आधी काकूंना नमस्कार, मग कुरामोचींना, आणि भरात तांदळाच्या पिशवीलाही. त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

कुरामोचींनी प्रमाणपत्र पुढे ओढलं. 'निर्माता'समोर स्वतःचं नाव लिहायला घेतलेला हात थांबला. मग त्यांनी सावकाश बायकोचं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत असावेत, अक्षरं एका बाजूला कलली.

पाठीवर तांदूळ तसाच घेऊन फुमिएकाकूंनी वाकून वाचलं.

"वाकडं लिहिलंत," त्या म्हणाल्या.

कुरामोची घाईघाईनं थिनरचा बोळा शोधू लागले. काकूंनी तो आधीच मुठीत लपवला होता.