बडग्याची एकमताने निवड

निवृत्त तहसीलदार दादाजी यांनी पेन्शन सुरू होताच सहा खुर्च्या आणि एक घंटा विकत घेतली.

*

नाटक कंपनीचा बांबू-कापडाचा राजवाडा कामठीच्या मुक्कामात पावसाने भिजला आणि मधोमध फुगला. नायिका त्यात शिरताना वाकत असे. प्रेक्षकांना तो विनय वाटे.

*

नियम चौथा : पाच सभासद हजर असल्याखेरीज सभा भरली असे समजू नये.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची इडापिडा नेणाऱ्या बाईचा पुतळा, मिरवत निघते. तिच्याबरोबर बडगे निघतात. बांबू, गवत आणि कागद यांचे पुरुषभर उंचीचे पुतळे. वर्षभरात लोकांना ज्याने छळले, त्याचा बडग्या. लोक ओरडतात, ‘घेऊन जा गे मारबत’, आणि गावाबाहेर नेऊन जाळून टाकतात.

*

‘तरुणांस योग्य वेळी योग्य वडीलधारा लाभल्यास राष्ट्राचे निम्मे कार्य झाले. उरलेल्या निम्म्याचा विचार पुढील सभेत.’ (युवक सन्मार्ग मंडळ, महाल, नागपूर, यांचा वार्षिक अहवाल, सन १९३४. शिल्लक प्रती : सर्व.)

*

रुखमाबाई बुरडीण टोपल्या विणते. तिचा मुलगा चंपत हत्ती विणतो.

*

हे सगळे एका खोलीत कसे आले, ते आता क्रमाने सांगणे भाग आहे.

सीताबर्डीवर उतरलेल्या त्या नाटक कंपनीच्या रंगाऱ्याने चंपतचा बांबूचा हत्ती पाहिला, सोंड ओढून पाहिली, आणि फुगलेल्या राजवाड्यासाठी हाच मुलगा हवा असे त्याच्या मनाने घेतले. मारबत झाली की कंपनी अमरावतीला जाणार होती. चंपतला जायचे होते. टोपलीहून वेगळे काही विणायला मिळेल अशी त्याच्या उभ्या जन्मात ही एकच जागा निघाली होती. पण मंडळाच्या शिफारशीवाचून उंबरठा ओलांडायचा नाही, असे घरात ठरले.

“नाटकवाल्याइच्या मांगं जातो म्हणते, अन् कोणाले इचारलं नाही,” रुखमाबाई म्हणाली. “त्या मंडळात जाय आधी. मोठे लोक बसून राहिले तिथं.”

“बसूनच राहिले, माय.”

“मंग सापडतीन तरी.”

मंडळाचे सर्व पदाधिकारी मानद होते. म्हणजे त्यांना पगार नव्हता आणि म्हणून कोणी त्यांना जाब विचारू शकत नव्हते. स्थापनेपासून त्यांनी तरुणांना अखंड मार्गदर्शन केले होते. फक्त तरुण आजवर आत आलेला नव्हता. चंपत दारात उभा राहिला तेव्हा सगळे जरा दचकले.

“अध्यक्षमहाराज,” उपाध्यक्ष महादेवराव वकील कुजबुजले, “खरा दिसतो.”

दादाजींनी घंटा वाजवली. “काहून गा, काय पाहिजे?”

“शिफारस पाहिजे होती, जी. कंपनीत जातो म्हणतो.”

चिटणीस कृष्णकांत मास्तर यांनी नियम वाचून दाखवले. शिफारस हवी तर तरुणाला आधी मार्गदर्शन झालेले हवे. मार्गदर्शनाला मार्गदर्शक नेमावा लागतो. नेमायला सभा लागते आणि सभेला पाच माणसे लागतात. खोलीत चार होती. चौथे खजिनदार नानाजी. ते डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीत झोपत. पाचवे गोपाळराव, संत्र्यांचे व्यापारी, स्थापनेच्या दिवशी फोटो निघताच उठून गेले होते, ते अद्याप परतले नव्हते.

“मीच बसतो ना पाचवा,” चंपत म्हणाला.

“तू सभेपुढचा विषय आहेस,” वकील म्हणाले. “विषयाला खुर्ची नसते.”

तोवर मुलगा रिकामा बसू नये, म्हणून दादाजींनी त्याच्या हातात सध्या काय आहे याची चौकशी केली.

“मोहल्ल्याचा बडग्या करून राहिलो, जी.”

“यंदा कोणाचा?”

“ठरलं नाही. गेल्या साली पाणीपट्टीचा केला होता. लई गाजला.”

चौघांपैकी तिघांनी एकमेकांकडे पाहिले. पाणीपट्टीच्या बडग्याचे वर्णन वर्तमानपत्रात दोन रकाने आले होते. मंडळाच्या वार्षिक समारंभाची बातमी दोन ओळी आली होती, त्यातली एक हरवलेल्या म्हशीची.

“यंदा,” दादाजी सावकाश म्हणाले, “मंडळाचाच बडग्या का होऊ नये?”

“दादाजी, बडग्याले लोक शिव्या देतात.”

“लहान माणसाला कोण शिव्या देतो?” वकील म्हणाले.

“अन् जाळतात.”

“तपशील आहे.”

बडग्याच्या रूपावरून मात्र मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा मतभेद झाले. बडग्याला पोट दादाजींचे असावे की नाक वकिलांचे, यावर जोरात चर्चा झाली. मास्तरांचे म्हणणे, नाक वर्षानुवर्षे कुणाचे लक्षात राहत नाही, चष्मा राहतो. चंपत अंगणात बांबू तासत ऐकत होता. अखेर पोट अध्यक्षांचे, नाक उपाध्यक्षांचे, चष्मा चिटणीसांचा आणि डोळे नानाजींचे, म्हणजे मिटलेले, अशी तडजोड झाली. वकिलांनी आपला जुना काळा कोट देणगीदाखल दिला. आत भरायला कागद हवा होता. मास्तरांनी वार्षिक अहवालाचे गठ्ठे काढून दिले. गठ्ठ्यांची दोरी प्रथमच सुटली.

“मंग माह्या शिफारशीचं?” चंपतने विचारले.

“हेच तर मार्गदर्शन चाललं आहे,” मास्तर म्हणाले. “पोट थोडं कमी कर.”

दादाजी म्हणाले, “करू नको.”

मारबतीच्या दिवशी बडग्या निघाला. महालात तो लोकांनी लांबूनच ओळखला. पोरांनी आरोळी ठोकली, ‘सभा भरवणाऱ्याइले, भाषण ठोकणाऱ्याइले घेऊन जा गे मारबत.’ पुढे तिघे पदाधिकारी चालत होते आणि दोन्ही बाजूंना नमस्कार करत होते. नानाजी मागून टांग्यात होते.

“केवढं प्रेम आहे लोकांचं,” दादाजी वकिलांना म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या पगडीला सडके संत्रे लागले. त्यांनी तेही कपाळी लावून घेतले.

गावाबाहेर पोचल्यावर कोणीतरी काडी पेटवली. वकील आडवे झाले. कोट त्यांचा, कागद मंडळाचा. तेव्हा सार्वजनिक संस्थेची मालमत्ता जाळणे हा गुन्हा होतो, हे त्यांनी जमावाला कलमासहित समजावले. लोकांना भूक लागली होती. ते घरी गेले. बडग्या नानाजींच्या शेजारी बसून टांग्यातून परत आला. टांगेवाल्याने दोघांचेही भाडे घेतले.

“इडा पिडा परत आणली बाप्पा,” रुखमाबाई दारातून म्हणाली. “असं कोणी करते का?”

“आई, ही पीडा नाही,” मास्तर म्हणाले. “ही संस्था आहे.”

मंडळात पुतळा ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो गोपाळरावांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. त्याच संध्याकाळी सभा बोलावली होती. कंपनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जाणार होती आणि चंपत गाठोडे बांधूनच दारात उभा होता. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे डोकी मोजली आणि ते थबकले. त्यांनी पुन्हा मोजली.

“पाच,” ते म्हणाले.

“हा पुतळा आहे,” दादाजी म्हणाले.

“नानाजींना मोजतो तर याला कोणत्या आधारावर वगळू?”

वकिलांनी घटना चाळली. सभासद म्हणजे जो सभेस उपस्थित राहील व मंडळाचे कार्य ज्याच्या अंतःकरणात असेल तो. उपस्थितीबद्दल वाद नव्हता. अंतःकरणासाठी त्यांनी कोटाची एक गुंडी काढून आत पाहिले. अहवालच अहवाल होते.

“इतकं कार्य आपल्यापैकी कोणाच्याच पोटात नाही,” ते भारावून म्हणाले.

सभा भरली. मंडळाची ही पहिली सभा असल्यामुळे अध्यक्षांची रीतसर निवड करणे प्राप्त होते. दादाजींना वकिलांचा विरोध होता आणि वकिलांना दादाजींचा. दोघांना मास्तर चालत नव्हते आणि नानाजींचे घोरणे कोणालाच. ज्याच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही असा एकच सभासद उरला. मास्तरांनी सूचना मांडली, वकिलांनी अनुमोदन दिले, दादाजींनी घंटा वाजवली, बडग्या आणि नानाजी यांनी हरकत घेतली नाही. निवड एकमताने झाली.

मग चंपतचा विषय निघाला.

“आता पाच झाले ना, जी?” तो म्हणाला.

“झाले,” दादाजी म्हणाले. “पण कोणामुळे झाले?”

हा मुद्दा नाजूक होता. अध्यक्ष गवताचे होते. खोलीत उंदीर होते. भाद्रपदाची ओल बांबूला चढते, खांदे उतरतात, मान लवते. त्यांना नीट बसते ठेवणारा इसम गावात एकच होता आणि तो गाठोडे घेऊन उभा होता. तो गेला तर अध्यक्ष कोसळणार. अध्यक्ष कोसळले तर सभेला पाच माणसे राहणार नाहीत. आणि सभा नाही तर शिफारस कोण करणार?

“म्हणजे मी गेलो तं मले जायची शिफारस भेटत नाही?”

“बघा,” मास्तर कौतुकाने म्हणाले, “मार्गदर्शनाचा गुण.”

ठराव असा झाला : चंपतची शिफारस करणे तत्त्वतः मान्य. अध्यक्षांची देखभाल करील असा दुसरा तरुण त्याने तयार करून दिल्यावर ती अमलात यावी. तोवर त्याने मंडळात मानद राहावे. अध्यक्षांचे मत विचारण्यात आले. ते गप्प राहिले. मौन ही संमती धरण्यात आली.

चंपत रात्रभर ओट्यावर बसून होता. सकाळी गाडीची शिटी महालापर्यंत ऐकू आली. तेव्हा तो अध्यक्षांच्या डाव्या बगलेत बांबूची नवी कामटी बसवत होता. उंदराने तिथे मागच्या वर्षीचा जमाखर्च कुरतडला होता.

मंडळाची पुढे भरभराट झाली. माणसांअभावी एकही सभा तहकूब झाली नाही. अध्यक्षीय भाषण मास्तर वाचून दाखवत आणि अध्यक्ष किती संयमाने ऐकतात याचे पाहुण्यांना नवल वाटे. इतर गावांच्या मंडळांनी चौकशी केली. सहांनी माप मागवले. चंपतने सहा अध्यक्ष विणून दिले. हत्ती पुन्हा विणला नाही. केस पांढरे होईतो मंडळाच्या दप्तरी त्याची नोंद ‘होतकरू तरुण’ अशीच राहिली, कारण शिफारस झाल्याशिवाय तो प्रौढ धरता येईना.

त्याने पळून का जाऊ नये, असा प्रश्न इथवर वाचताना कोणालाही पडलेला नाही. पाच माणसे कधी जमतात, याचीच सगळ्यांना काळजी होती.

पोळ्याआधी हत्तीची सोंड ओढून पाहिल्यावर रंगारी चंपतला म्हणाला होता, “आजच चल.” शिफारस त्याने मागितली नव्हती.